टप : छतावरच्या ओझ्याचा इतिहास, येरवड्याच्या नाक्यावरून

१/
नगरहून पुण्याला येणारा जुना रस्ता येरवड्यावरूनच शहरात शिरतो. आज त्या नाक्यावर सिग्नलला थांबलेल्या गाड्यांची छते न्याहाळली तर विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सीच्या कॅरियरवर दोरीने आवळलेल्या बॅगा दिसतात, एखाद्या मोटारीवर चाके काढून बांधलेली सायकल दिसते. वाहनाच्या डोक्यावर ओझे लादण्याची ही रीत आली कोठून? आणि त्या उंचीपर्यंत ते ओझे चढवले कोणी? दुसऱ्या प्रश्नाकडे इतिहासाचे लक्ष सहसा जात नाही.

२/
आरंभ शब्दापासून करू. एसटीच्या छताला मराठीत ‘टप’ म्हणतात. हा शब्द एसटीपेक्षा जुना आहे. टांगा, बग्गी, फिटन यांच्यावर ऊन-पावसासाठी जे कापडी वा चामडी आच्छादन असे, तो टप. तो मागे दुमडता येई आणि त्यावर साधे गाठोडेही ठेवता येत नसे. जो शब्द सावलीसाठी होता, तोच पुढे ओझ्याच्या जागेचे नाव झाला. या अर्थांतरात वाहनांच्या बांधणीची अर्धी कथा सामावलेली आहे.

३/
मोटारीपूर्वी या रस्त्यावर बैलगाड्या चालत. मुळा-मुठेवरचा फिट्झगेराल्ड पूल, म्हणजे आपला बंडगार्डनचा जुना पूल, १८६० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला आणि येरवडा व पुणे छावणी यांतील दळणवळण बारमाही झाले. बैलगाडीचे ओझे आसावर तोलून, शक्य तितके खाली ठेवत. दोन चाकांच्या गाडीत उंच रचलेला भार म्हणजे पहिल्याच खड्ड्यात कलंडण्याची खात्री. इंग्लंडातील चारचाकी टपाल-घोडागाड्यांच्या छतांवर मात्र सामानच नव्हे, तर कमी भाड्याचे उतारूही बसत. छत हे गरिबांचे आसन असते, ही गोष्ट त्या काळापासूनची आहे.

४/
आरंभीच्या मोटारींनाही कापडी टपच होता. त्यामुळे सामानाची पेटी गाडीच्या मागे पट्ट्यांनी बांधत. काही मोटारींना मागच्या बाजूस उघडझाप होणारे एक जादा आसन असे. इंग्रजीत त्याला ‘डिकी’ म्हणत. ते आसन नाहीसे झाले, पण सामानाच्या कप्प्याला आपण आजही डिकीच म्हणतो. १९३५ च्या मोटारींसाठी अमेरिकेतील जनरल मोटर्सने अखंड पोलादी छत आणले, आणि असे छत हळूहळू सर्वत्र रुळले. ओझे पेलणारे छप्पर मोटारीला मिळाले ते तेव्हा.

५/
येथे थोडे विषयांतर. प्रवासी सामानाच्या एका प्रसिद्ध वस्तूला येरवड्याचेच नाव आहे. येरवडा तुरुंगात असताना गांधीजींनी ज्या घडीच्या, पेटीत मावणाऱ्या चरख्यावर काम केले, तो ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जातो. उभ्या चरख्याला बैलगाडी लागे. हा हातात धरून रेल्वेत चढता येई. ओझ्याचा प्रश्न वाहन वाढवून सोडवता येतो, तसा वस्तू आक्रसूनही सोडवता येतो.

६/
दोन महायुद्धांच्या मधल्या काळात गावोगावी खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावू लागल्या. माणसे कोंबली जात, सामान मिळेल तेथे बांधले जाई. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या धंद्याला परवान्यांची शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. पाठोपाठ युद्ध आले, पेट्रोल दुर्मीळ झाले आणि कोळशाच्या गॅसवर गाड्या चालू लागल्या. युद्धानंतर मुंबई राज्य सरकारनेच वाहतूक हाती घेतली. १ जून १९४८ रोजी अहमदनगर–पुणे मार्गावर (ते नगर आता अहिल्यानगर झाले आहे) पहिली एसटी धावली. लाकडी सांगाडा, कापडी छत आणि तीस आसने अशी तिची वर्णने आढळतात. सरकारी प्रवासाचा आरंभ याच रस्त्यावर झाला, आणि तोही जुन्या अर्थाच्या टपाखाली.

७/
पुढे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत एसटीच्या गाड्यांची बांधणी होऊ लागली. धातूचे छत, त्यावर लोखंडी कठडा, मागे अरुंद शिडी हे लाल गाडीचे रूप कित्येक दशके महाराष्ट्राच्या परिचयाचे राहिले. टपावर काय नसे? धान्याची पोती, भाजीच्या पाट्या, पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, लग्नाची भांडी, कोंबड्यांची खुराडी. सायकलही टपावरच जाई. सह्याद्रीत भटकणाऱ्या पुणेकर तरुणांच्या सॅक आणि दोर कित्येकदा याच टपावरून पायथ्याच्या गावी पोहोचले. ज्या शेतकऱ्याकडे ट्रक भरेल एवढा माल नव्हता, त्याच्यासाठी टप हीच मालगाडी होती.

८/
आता तो दुसरा प्रश्न. शिडीने टपावर चढणारे पोते स्वतःहून चढत नव्हते. ते एका माणसाच्या पाठीवर असे. एक हात पोत्याला, दुसरा शिडीच्या दांडीला, आणि वर टपावर उभा असलेला दुसरा माणूस ते ओढून घेणार. बाजारपेठांत एक क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोंचे, पोते ही सर्रास गोष्ट होती. बसस्थानक, रेल्वे, भुसार बाजार यांवरचे हे काम ठरलेल्या मजुरीविना, रजेविना, अपघाताच्या भरपाईविना चाले. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले, आणि १९६९ मध्ये ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार’ कायदा झाला. कोणा एका मालकाचे नोकर नसलेल्या कष्टकऱ्यांना मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि नुकसानभरपाई देणारी ही व्यवस्था देशात फार लवकर आलेल्यांपैकी होती. ‘माथाडी’ म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा. टप हा गाडीचा माथा; पण गाडीच्या माथ्यावर पोहोचण्याआधी प्रत्येक ओझे माणसाच्या माथ्यावरून गेलेले असते.

९/
वजनाचे काय? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने उचलायच्या कमाल वजनाविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. शंभर किलोंचे पोते पन्नासवर आणा, ही हमालांची मागणी याच रोखाची होती आणि ती मान्य करून घ्यायला अनेक वर्षे झगडावे लागले. आता मोटारीकडे पाहा. बहुतेक प्रवासी मोटारींचे निर्माते छतासाठी साधारण ५० ते ७५ किलोंची मर्यादा घालतात, तीही कॅरियरचे वजन धरून. हमालाच्या पाठीवरचे ते पोते आजच्या पोलादी मोटारीच्या छतावर ठेवू नये, असे खुद्द तिची पुस्तिका सांगते.

१०/
या मर्यादेमागचे कारण बैलगाडीवाल्याला ठाऊक होते तेच. भार जितका उंच, तितका गुरुत्वमध्य वर आणि वळणावर कलंडण्याचा धोका मोठा. शिवाय अचानक थांबताना सैल बांधलेली वस्तू पुढे झेपावते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२३ ने टपावर माणसे बसवण्यास मनाई केली आहे. गाडीच्या बाजूंबाहेर किंवा अनुज्ञेय उंचीच्या वर जाणाऱ्या मालासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपयांचा दंड ठेवला. यात्रा-जत्रांच्या दिवसांत टपावर दाटीने बसलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पहिल्या नियमाची गरज समजावून सांगावी लागणार नाही.

११/
क्रीडासाहित्याची गोष्ट थोडी निराळी. येरवड्यातच पुण्याचे गोल्फ मैदान आहे. पण गोल्फची पिशवी डिकीत मावते, छताला तिच्याशी कर्तव्य नाही. सायकल मात्र मावत नाही. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरवणाऱ्या मुंबई–पुणे सायकल शर्यतीसारख्या स्पर्धांत स्पर्धकांमागून मदतीच्या गाड्या धावतात, आणि राखीव सायकलीला सर्वांत सोयीची जागा म्हणजे गाडीचे छत. तेथून ती डिकी न उपसता उतरवता येते. शनिवार-रविवारी छतावर सायकल बांधून घाटाकडे निघणारे आजचे पुणेकर तीच पद्धत पुढे नेत आहेत. एक सावधगिरी : अनेक नव्या मोटारींच्या छतावरील चकचकीत दांड्या केवळ शोभेच्या असतात. त्यांना काही बांधण्यापूर्वी पुस्तिका उघडावी.

१२/
टपाचा व्याप आता ओसरला आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत सामान बैठकीखालच्या कप्प्यात गेले आणि नव्या बांधणीच्या अनेक एसटींना मागची शिडीच नाही. कॅरियर टिकला तो टॅक्सीवर. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी कुर्ल्यात तयार होई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिच्या छतावरचा कॅरियर जणू तिचा अवयवच झाला. पुणे स्टेशनाबाहेर दादरच्या उतारूंची वाट पाहणाऱ्या टॅक्सीही याच कुळातल्या. २००० नंतर मुंबईच्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, तेव्हा गॅसची टाकी डिकीत बसली आणि बॅगा पुन्हा वर गेल्या. हवा स्वच्छ करण्याच्या निर्णयाने छताचे काम वाढवले, ही गंमत कोणी योजलेली नव्हती. आज येरवड्यावरून विमानतळाकडे जाणाऱ्या सीएनजी टॅक्सींवर कॅरियर दिसतो, तोही याच कारणाने.

१३/
२०२३ च्या मे महिन्यात टाटा मोटर्सने एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवलेली अल्ट्रोझ बाजारात आणली. डिकी पुन्हा सामानाला मोकळी झाली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, कॅरियरसह.