पितळी रेल्वे मॉडेल: रंग द्यायचा की पॉलिश करायचं?

घरातली समई काळवंडली की चिंच किंवा पितांबरी लावून घासली, काम झालं. हीच पद्धत पितळेच्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेलवर वापरली, तर मात्र नुकसान भरून निघत नाही. म्हणूनच संग्राहकांना प्रश्न पडतो: रंग द्यायचा, पॉलिश करायचं की आहे तसंच ठेवायचं?

ही मॉडेल्स आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकन ग्राहकांसाठी ही मॉडेल्स तयार होऊ लागली. तेन्शोदो आणि युनायटेड या उत्पादकांची इंजिनं 'पॅसिफिक फास्ट मेल' कंपनी अमेरिकेत आयात करायची. पुढे बरंचसं उत्पादन दक्षिण कोरियात गेलं. यातली बरीच मॉडेल्स 'एचओ' मापाची, म्हणजे खऱ्या इंजिनाच्या १/८७ आकाराची असतात. अनेक मॉडेल्स रंग न देता, फक्त पारदर्शक लॅकरचा थर देऊन विकली जायची.

पॉलिशमध्ये अडचण काय?

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवा, ओलावा आणि हाताचा घाम लागला की तो काळा पडतो. लॅकर शाबूत असेपर्यंत धातू सुरक्षित राहतो. पॉलिशमधले बारीक कण मात्र आधी लॅकर काढतात, मग रिव्हेटसारखे नाजूक उठाव झिजवतात. पॉलिशची पांढरी भुकटी फटींमध्ये अडकते ती वेगळीच. शिवाय उघडं पडलेलं पितळ पुन्हा काळवंडतं, म्हणजे पुन्हा घासणं आलं.

रंग कसा देतात?

आधी इंजिन सुटं करून मोटर आणि चाकं बाजूला काढली जातात. थिनरने जुनं लॅकर उतरवून भाग साबणाच्या पाण्याने धुतले जातात. मग धातूला धरून राहणारा प्रायमर आणि त्यावर एअरब्रशने रंगाचे पातळ थर दिले जातात. जाड थरात बारकावे बुजतात. चाकांच्या कडा आणि विजेचे संपर्कबिंदू कोरे ठेवावे लागतात, नाहीतर रुळांमधून मोटरला वीज मिळत नाही. रंग पक्का करायला ओव्हन वापरला, तर तापमान कमी ठेवतात. साधं सोल्डर १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि जोड सुटू शकतात.

मग निर्णय कसा घ्यायचा?

मॉडेल रुळांवर धावणार असेल, तर रंग सोयीचा: ते खऱ्या इंजिनासारखं दिसतं आणि हाताळताना धातूला घाम लागत नाही. मॉडेल दुर्मिळ असेल आणि मूळ लॅकर शाबूत असेल, तर हात न लावणंच उत्तम. मऊ ब्रशने धूळ झटकावी, हातमोजे घालावेत आणि मूळ खोका जपावा.

लॅकर आधीच उडालं असेल, तर रंग हाच टिकाऊ पर्याय. मात्र खराब रंगकामाने किंमत घटते. रंग नंतर उतरवता येतो, पण कारखान्यातला मूळ थर परत आणता येत नाही. त्यामुळे पहिला प्रयोग महागड्या इंजिनावर न करता एखाद्या स्वस्त डब्यावर करावा.