वाया गेलेल्या मताचा इतिहास

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट. जयंतीची मिरवणूक होऊन दोन-तीन दिवस झाले होते. आमच्या वरळीच्या चाळीतल्या विहाराच्या पायऱ्यांवर पोरे संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन बसली होती. पानभर मतचाचणीचा तक्ता छापलेला होता. कोणत्या आघाडीला किती जागा, कोण किती टक्क्यांनी पुढे, याची चर्चा रंगली होती. एक पोरगा म्हणाला, "आपला माणूस येत नाही हे तर दिसतंच आहे. मग मत वाया कशाला घालवायचं?" दुसरा तापला. "दर वेळी दुसऱ्यालाच निवडून आणायचं, तर आपला पक्ष वाढणार कधी?" मी मध्ये पडणार होतो, तोच कठड्याशी बसलेली एक म्हातारी बोलली. "बाबासाहेबांना दिलेलं मत पण वाया गेलं म्हणायचे लोक. माझा बाप त्या रात्री जेवला नाही. पण मत चुकलं असं मरेपर्यंत म्हणाला नाही."

पोरे गप्प झाली. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले, पण 'वाया' या शब्दालाही इतिहास आहे हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. निवडणुकीचा अंदाज हा आकड्यांचा खेळ आहे असे सुशिक्षित समजतात. दलित वस्तीत मात्र तो अंदाज एका धाकाच्या रूपाने येतो. तो सांगतो : तुझे मत वाया जाणार आहे. हा धाक कुठून आला, याचा शोध घेतला पाहिजे.

सुरुवात १९५२ पासून करावी लागते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. त्या काळी उमेदवाराच्या चिन्हाची स्वतंत्र पेटी असे आणि मतपत्रिका त्या पेटीत टाकायची असे. दोन्ही मतपत्रिका एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकल्या, तर त्यातली एक बाद. फेडरेशनचा समझोता समाजवाद्यांशी होता आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता उभे होते. घटनेचा शिल्पकार पडेल, हे वस्तीत कोणाच्या स्वप्नातही नव्हते. निकाल लागला. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांना १,३८,१३७ मते आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. अंतर १४,५६१ मतांचे. आणि बाद झालेली मते ७४ हजारांच्या वर!

त्याच मतदारसंघात कॉम्रेड डांगे उभे होते. राखीव जागेचे मत बाबासाहेबांना जाऊ नये म्हणून ते वाया घालवण्याचा प्रचार झाला, असा आरोप तेव्हा झाला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला, तो फेटाळला गेला. आरोपाचा न्याय काय व्हायचा तो झाला. परंतु आकडे पुसता येत नाहीत. ज्या मतांनी आमच्या माणसाला पाडले, त्यांहून कितीतरी अधिक मते बाद झाली होती. म्हणजे मत वाया घालवण्याचे शास्त्र आम्ही शोधलेले नाही. ते आमच्यावर चालवून पाहिले गेले.

दोन वर्षांनी, १९५४ च्या मे महिन्यात, भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. पुन्हा दोन जागा, पुन्हा सोबत अशोक मेहता. जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत एक प्रसंग राहिला आहे. काहींनी सुचवले की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे मुद्दाम वाया घालवावे, म्हणजे आपली जागा पक्की होईल. बाबासाहेबांनी ते मानले नाही. ज्याने घटना लिहिली तो मत वाया घालवायला सांगणार नाही, ही त्यांची भूमिका होती. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पडले. आमच्या मतांनी दुसऱ्याचे उमेदवार निवडून येतात, दुसऱ्यांची मते आमच्याकडे वळत नाहीत, हा धडा वस्तीने भंडाऱ्यात गिरवला. आज युती-आघाडीच्या गणितात ज्याला 'मतांचे हस्तांतर' म्हणतात, त्याची खरी किंमत आमच्या बापजाद्यांना सत्तर वर्षांपूर्वी कळली होती.

तिसरा प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. जानेवारी १९७४. रा. धों. भंडारे बिहारचे राज्यपाल झाले म्हणून मध्य मुंबईची जागा रिकामी झाली होती. भंडारे मूळचे रिपब्लिकन, पुढे काँग्रेसमध्ये गेलेले. काँग्रेसने रामराव आदिकांना उभे केले, शिवसेना त्यांच्या पाठीशी होती. बेरीज करणाऱ्यांनी काँग्रेसची मते, सेनेची मते आणि 'हक्काची' दलित मते एकाखाली एक मांडली आणि निकाल लावून टाकला. मी तेव्हा कॉलेजात होतो. ५ जानेवारीला वरळीत दलित पँथरची सभा झाली. दलितांवरील अत्याचार थांबत नसतील तर मत कशासाठी द्यायचे, असा सवाल करून पँथरने बहिष्कार पुकारला होता. सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. १० तारखेच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. दंगलीचे ते दिवस आमच्या चाळी विसरलेल्या नाहीत.

निकाल लागला तेव्हा निवडून आल्या कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे, म्हणजे कॉम्रेड डांग्यांच्या कन्या. १९५२ साली ज्यांच्या पक्षावर आमची मते वाया घालवल्याचा ठपका होता, त्यांच्याच घरात १९७४ च्या बहिष्काराचे फळ गेले! इतिहास असा कडू असतो. तरीही त्या वेळी न दिलेले मत वाया गेले असे मी म्हणणार नाही. ज्यांनी आम्हाला बेरजेत धरले होते त्यांची बेरीज चुकली. दलित मत कोणाच्या खिशात नाही, हे त्या पोटनिवडणुकीत प्रस्थापितांना प्रथमच मोजून दाखवले गेले.

मतचाचण्या घराघरांत पोचल्या त्या यानंतर, ऐंशीच्या दशकात, नियतकालिकांतून आणि पुढे दूरचित्रवाणीवरून. त्या नेहमीच चुकतात असे नाही. परंतु ज्या वेळी चुकतात त्या वेळी कोणाचा हिशेब चुकतो हे पाहावे. २००४ साली 'इंडिया शायनिंग'चा जयघोष चालला होता. चाचण्यांनी भाजप आघाडीला पुढे दाखवले आणि सरकार काँग्रेस आघाडीचे आले. २००७ साली उत्तर प्रदेशात बहुतेकांनी त्रिशंकू विधानसभा सांगितली. बहुजन समाज पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या. २०२४ च्या १ जूनला मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर नेले. प्रत्यक्षात २९३ आल्या. महाराष्ट्रातही बहुतेकांनी महायुतीला पुढे ठेवले होते, तर ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला गेल्या. मग नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीने इतका मोठा विजय मिळवला की तोही कोणी नीट सांगितला नव्हता.

हे का होते? प्रश्न विचारणारा वस्तीत येतो तेव्हा आमचा माणूस खरे बोलत नाही, किंवा बोलतच नाही. याला कोणी अज्ञान म्हणतात. मी याला अनुभव म्हणतो. गावात मत कोणाला दिले हे कळले तर पाणी बंद होते, मजुरी बंद होते. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजता येत, त्यामुळे कोणत्या वस्तीने काय केले हे झाकले जाई. यंत्रे आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा उघडा पडू लागला. एका केंद्रावर बौद्धवाड्याचीच नावे असतील तर गुप्त मतदान उरले कोठे? अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारा 'टोटलायझर' वापरावा असे निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले, विधी आयोगाने २०१५ साली त्याला पाठिंबा दिला. तो अजून आलेला नाही. मतचाचणीच्या अचूकतेवर तासन्‌तास बोलणारे विद्वान या मागणीवर एक शब्द बोलत नाहीत.

आता पोरांच्या भांडणाकडे येतो, कारण त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. १९९८ साली काँग्रेसशी समझोता करून प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चार रिपब्लिकन खासदार खुल्या जागांवरून निवडून आले. ही एकजुटीची कमाई होती आणि ती पुढाऱ्यांनी टिकू दिली नाही. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने महाराष्ट्रात ४१ लाखांहून अधिक मते मिळवली. खासदार एकच आला, तोही मित्रपक्षाचा. लगेच 'मते खाल्ली' असा ओरडा झाला. जणू ती मते दुसऱ्याच्या ताटातली होती! आणि २०२४ च्या लोकसभेला संविधान बदलाची भीती वस्तीत शिरली, तेव्हा यांतल्याच अनेकांनी विचार करून मत दुसरीकडे दिले. तो त्यांचा निर्णय होता, चाचणीच्या तक्त्याचा नव्हता. चाचणी तर उलटेच सांगत होती.

म्हणून मी त्या पोरांना एवढेच सांगितले. समझोता करा किंवा स्वतंत्र लढा, पण कारण आपले असू द्या. "कोण येतंय" हा वर्तमानपत्राचा प्रश्न आहे. आपला प्रश्न "कोण आल्यावर आपण कसे जगू" हा आहे. 'वाया' हा शब्द जो उच्चारील त्याला विचारा : कोणाच्या हिशेबात वाया?

कार्यकर्त्यांनी आणखी एक काम करावे. १९५२ आणि १९५४ साली मत दिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांनी त्या रात्री काय बोलले, काय खाल्ले, काय ठरवले, हे उतरवून घ्यावे. निकालाचे आकडे सरकारच्या दप्तरी सापडतील. म्हातारीचा बाप जेवला नाही, हे तिथे सापडणार नाही.