समुद्र लागतोच कशाला?

प्रवाळाची टाकी हा किनाऱ्यावरच्या लोकांचा छंद आहे, हे मत माशांच्या दुकानात, हौशी लोकांच्या गप्पांत आणि घरच्यांच्या विरोधातही इतक्या खात्रीने मांडले जाते की ते तपासून पाहावे असे कोणालाच वाटत नाही. रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन व आराखडा संस्थेत बदलून आलेल्या एखाद्या मराठी अभियंत्याने लखनौच्या मानक नगरात सहा फुटी खारी टाकी मांडायचे नुसते बोलून पाहावे. मुंबईच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: तिथे समुद्र कुठे आहे? जवळचा किनाराही आठशे किलोमीटरहून दूर, हे खरेच आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

पूर्वपक्ष त्याच्या भक्कम रूपातच घेऊ. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिले ते समुद्र रस्त्यापलीकडे होता म्हणूनच. नैसर्गिक पाण्यात सगळे क्षार योग्य प्रमाणात असतात, सूक्ष्म मूलद्रव्ये असतात, प्लवक असतात. मोजणे नको, मिसळणे नको. उत्तर भारतात यातले काहीच नाही आणि वर मे महिन्यातली लू. म्हणजे आक्षेप दोन, पाण्याचा आणि हवेचा.

आधी पाणी. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून नमुने गोळा केले. त्यांतल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्हेल्म डिटमार यांनी १८८४ साली दाखवून दिले की खारटपणा ठिकाणागणिक कमीजास्त होतो, पण मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ बदलत नाही. वादाचा निकाल खरे तर इथेच लागतो. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यांत कॅल्शियम ४१०-४२० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, पीएच आठच्या थोडा वर: ही कृती आहे आणि कृतीला गाव नसते. डिटमार यांच्याही आधी, १८५४ मध्ये, फिलिप हेन्री गॉस यांनी लंडनमध्ये चार क्षार गोड्या पाण्यात विरघळवून त्यात समुद्रजीव ठेवले होते.

रेल्वेच्या माणसाला तर एक दाखला द्यायलाच हवा. शिकागोचे शेड मत्स्यालय सुरू करताना १९३० साली वीस टाकी-वॅगन फ्लोरिडातल्या की वेस्टपर्यंत आठ वेळा नेऊन आणल्या गेल्या आणि सुमारे ३८ लाख लिटर समुद्राचे पाणी रुळांवरून शहरात आले. पुढे त्याच संस्थेने नळाच्या पाण्यात क्षार मिसळून आपला समुद्र आपणच बनवायला सुरुवात केली. वॅगनचे आराखडे जिथे तपासले जातात त्या मानक नगरात ही गोष्ट जास्त कळावी.

मात्र क्षार म्हणजे मीठ नव्हे, आणि या बाबतीत अतिउत्साही मंडळीही चुकतात. उरण-पेणच्या मिठागरात समुद्राचे पाणी आटते तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी तळाला बसतात, मग मीठ धरते आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यातून वाहून जाते. त्या मिठापासून पुन्हा समुद्र होत नाही. त्यासाठी रीफचे तयार मिश्रण घ्यावे लागते. सातशे लिटरला साधारण २६-२७ किलो.

आता मुंबईकराचा ‘फुकट’ समुद्र पाहा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात शहराचे सांडपाणी असते, गाळ असतो आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो. स्वच्छ पाणी हवे तर होडीने आत जायचे, कॅन भरायचे, गाळायचे, अंधारात ठेवायचे आणि तरीही दर खेपेला मोजायचे. मोजणे टळलेच नाही, तर जवळ राहून मिळवले काय? लखनौत नळाचे पाणी आरओतून आणि पुढे आयन काढणाऱ्या राळेतून गेले की टीडीएस मीटर शून्य दाखवतो. हवे ते आपण घालायचे. एक सावधगिरी हवी. घरच्या पिण्याच्या आरओत चवीसाठी खनिजे परत मिसळणारे नळकांडे असते. ते पाणी टाकीला चालत नाही.

हवेचा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि नेमका तोच उलटतो. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचे असते. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या एक-दोन अंश वर पाणी काही आठवडे राहिले तरी प्रवाळ पांढरे पडते. पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंड होते, पण आर्द्र-गोलक तापमानाच्या खाली ते जाऊ शकत नाही. मुंबईच्या मेमध्ये, ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत, ही मर्यादा २८ च्या आसपास येते. तिथे पंखा हरतो. लखनौच्या कोरड्या ४२ अंशांत, आर्द्रता २० टक्के असताना, तीच मर्यादा २४ च्या आसपास असते. वाळ्याचे पडदे आणि कूलर ज्या कारणाने उत्तरेत चालतात आणि दादरला चालत नाहीत, ते हेच. एक लिटर पाणी उडताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जाते. दिवसाला दहा लिटर उडाले तर २८० वॉटचा सततचा ताप गेला. उडते ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि ती आपोआप घालणारे यंत्र पहिल्या दिवसापासून हवे.

अर्थात जुलै-ऑगस्टमध्ये लखनौचीही मुंबई होते, तेव्हा चिलर लागतोच. त्याची गरम हवा मात्र खोलीबाहेर काढावी. जानेवारीच्या रात्रींसाठी एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान घ्यावेत, म्हणजे एखाद्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तरी पाणी उकळणार नाही. थंडीत दारे-खिडक्या बंद राहिल्या की खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा पीएच घसरतो. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात १९९१ पासून काचेखाली २६ लाख लिटरचा ‘समुद्र’ सांभाळणाऱ्या बायोस्फिअर २ ला याच वायूने सतावले होते. तरी तिथले प्रवाळ जगले आणि पुढे आम्लतेचे प्रयोगही त्याच पाण्यात झाले. वाळवंटात जे झाले ते गोमतीकाठी अशक्य म्हणायला आधार काय?

खऱ्या अडचणी या दोन आक्षेपांच्या बाहेर आहेत आणि दुर्दैवाने त्यांवर कोणी बोलत नाही. ६ × २ × २ फूट टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते; १२ मिलिमीटरच्या काचेचे वजन १२० किलोच्या पुढे, त्यात खडक, स्टँड, खालची संप टाकी. एकूण भार टनाला भिडतो. घरातल्या फरशीचा चल भार आपल्या मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात आणि इथे सव्वा चौरस मीटरवरही तो पसरत नाही. म्हणून तळमजला, नाहीतर तुळईवर, भिंतीला लागून, अभियंत्याला विचारून. सरकारी क्वार्टर असेल तर लेखी परवानगीही. दुसरी अडचण विजेची. प्रवाह थांबला की काही तासांत प्राणवायू उतरतो. १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीवर ४० वॉटचा प्रवाह-पंप रात्रभर सहज चालतो, फक्त चिलर आणि दिवे त्या लाइनवर नकोत. माझ्या मते दिव्यांवर उधळायचे निम्मे पैसे इथे घालावेत. पहिली टाकी लहान असावी, या सल्ल्यात खर्चापुरते तथ्य आहे. पण पाणी जितके जास्त तितकी चूक हळू पसरते, त्यामुळे नवशिक्याला मोठीच टाकी जास्त सवड देते.

राहिले जीव. ‘मुंबईत सगळे मिळते’ हा युक्तिवाद इथे आरोपासारखा वाटतो. दगडी प्रवाळ, गोर्गोनियन, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या हे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. अंदमानचा असो की मालवणचा, मेलेला तुकडासुद्धा घरात ठेवता येत नाही. म्हणून खडक चुनखडीचा किंवा घडवलेला घ्यावा आणि नत्रचक्र बसायला महिना-दीड महिना द्यावा. परदेशी दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स करारात येतात. आयातीचे आणि नोंदणीचे कागद न दाखवणाऱ्याकडून फुकटही घेऊ नयेत. माशांसाठी तर पैदास केलेले विदूषक मासे आहेत. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने त्यांचे उबवणी केंद्र उभारले, ते राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या सहकार्याने. या ब्युरोचे मुख्यालय लखनौत आहे. खाडीकाठच्या ऐरोलीने खाऱ्या पाण्यातल्या माशांची विद्या समुद्र नसलेल्या शहरातल्या संस्थेकडून घेतली, हे ‘तिथे समुद्र कुठे’ विचारणाऱ्या नातेवाइकांना जरूर कळवावे. पहिले वर्षभर टाकीत हेच मासे, गोगलगायी आणि स्वच्छ खडक असू द्यावेत. प्रवाळाचा विचार कागद हातात आल्यावर आणि एक मे, एक ऑगस्ट, एक जानेवारी तापमानाची नोंदवही सरळ राहिल्यावर.