ट्रॉयचा फुटबॉल आणि क्वार्टरबॅकचे माहात्म्य

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅक या खेळाडूच्या हातून सुरू होते. चेंडू आधी त्याच्याकडे येतो आणि तो फेकायचा, कोणाच्या हाती सोपवायचा की स्वतःच घेऊन धावायचे, हे त्याला क्षणार्धात ठरवावे लागते, म्हणून विजयाचे श्रेयही बहुधा त्याच्याच पदरी पडते. अलाबामा राज्यातील ट्रॉय या लहानशा शहरात १८८७ मध्ये शिक्षक घडवण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे आज विद्यापीठ झाले आहे, आणि त्याच्या फुटबॉल संघाचा १९०९ पासूनचा इतिहास ही श्रेयाची वाटणी पुन्हा तपासायला लावतो.

ट्रॉयचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद क्वार्टरबॅकच्याच बळावर आले, हे आधी मान्य केले पाहिजे. १९६८ मध्ये बिली ॲटकिन्स यांच्या मार्गदर्शनाखालील या संघाने एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या क्रीडा संघटनेच्या अंतिम सामन्यात टेक्सस ए अँड आय संघाला ४३-३५ असे हरवले, तेव्हा सिम बर्डची लांब पल्ल्याची फेक हे त्याचे मुख्य अस्त्र होते.

पुढच्या दोन विजेतेपदांची घडण मात्र निराळी होती. चॅन गेली यांच्या कारकिर्दीत संघाने विशबोन ही रचना वापरली, ज्यात क्वार्टरबॅकच्या मागे एक आणि त्याच्याही मागे दोन बाजूंना दोन धावपटू उभे राहतात आणि क्वार्टरबॅक समोरच्या बचावपटूची हालचाल पाहून चेंडू मधल्या धावपटूला देतो, स्वतःकडे ठेवतो किंवा ऐन वेळी बाजूच्या धावपटूकडे टाकतो. येथे फेकीच्या ताकदीपेक्षा नजर, पाय आणि चौघांचा मेळ महत्त्वाचा ठरतो. १९८४ चा महाविद्यालयीन फुटबॉलच्या द्वितीय विभागाचा अंतिम सामना तर टेड क्लेम या प्रथम वर्षाच्या खेळाडूने वेळ संपता संपता ५० यार्डांवरून मारलेल्या किकने सुटला आणि नॉर्थ डकोटा स्टेटचा संघ १८-१७ असा हरला. १९८७ मध्ये रिक ऱ्होड्स यांच्या संघाने पोर्टलंड स्टेटला ३१-१७ ने नमवले. त्या संघाचा क्वार्टरबॅक माइक टर्क निःसंशय मोठा खेळाडू होता, पण त्याची ख्याती प्रामुख्याने धावण्याची होती.

ट्रॉयचे सर्वांत मोलाचे योगदान मात्र क्वार्टरबॅकला रोखणाऱ्यांचे आहे. लॅरी ब्लेकनी यांनी १९९१ ते २०१४ या काळात संघाला सर्वोच्च विभागापर्यंत नेले, आणि त्यांच्याच हाताखाली ओसी उमेन्योरा व डीमार्कस वेअर तयार झाले. दोघेही ऑबर्नच्या एकाच शाळेचे विद्यार्थी होते, परंतु गावातले बलाढ्य विद्यापीठ सोडून ते ट्रॉयला खेळले. कबड्डीत एकटा चढाईपटू पकडीपुढे हतबल होतो, तशीच गत चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच आडवा केलेल्या क्वार्टरबॅकची होते. या पाडावाला सॅक म्हणतात. फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, त्या मोसमात तोवर अपराजित असलेल्या न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला उमेन्योराच्या न्यूयॉर्क जायंट्सने पाच वेळा सॅक केले आणि सामना १७-१४ असा जिंकला. २०१६ च्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरने कॅरोलायनाला २४-१० ने हरवले, त्यात वेअरने एकट्याने दोन सॅक केले. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग कीर्तीने थोर असला, तरी उतरणीला लागलेला होता आणि त्या सामन्यात त्याच्या फेकीवर एकही टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात नेऊन मिळवलेले गुण, झाला नाही. हा सामना बचावाने जिंकला, असेच म्हणावे लागेल.

२०२२ मध्ये जॉन समरॉल यांच्या पहिल्याच मोसमात ट्रॉयने सलग ११ सामने जिंकले आणि मोसमाअखेरच्या क्युअर बोल या सामन्यात टेक्सस-सॅन अँटोनिओ विद्यापीठाच्या वेगवान संघाला १२ गुणांवर रोखून १८ गुणांनिशी बाजी मारली. क्वार्टरबॅक गनर वॉटसनने आपले काम नेटाने केले, पण त्या संघाची ओळख होता कार्लटन मार्शल, शिष्यवृत्तीविना दाखल झालेला, जेमतेम पाच फूट नऊ इंच उंचीचा बचावपटू, ज्याने कारकिर्दीत ५७७ टॅकल करून, म्हणजे चेंडूधारकाला तितक्या वेळा जमिनीवर आणून, सर्वोच्च विभागातील विक्रम ट्रॉयच्या नावावर नोंदवला.