पॅनहार्ड रॉड

पॅनहार्ड रॉड हा मोटारीच्या सस्पेन्शनमधील एक आडवा दांडा आहे. अखंड अ‍ॅक्सल असलेल्या वाहनात अ‍ॅक्सल डावीउजवीकडे सरकू न देणे हे त्याचे कार्य होय. त्याला ट्रॅक बार किंवा लॅटरल रॉड असेही म्हणतात. पॅरिसमधील पानार ए लव्हासॉर या मोटार कंपनीवरून त्याला हे नाव मिळाले. मूळ फ्रेंच उच्चार 'पानार' असला तरी भारतात इंग्रजी वळणाचा उच्चारच रूढ आहे.

== गरज ==
लीफ स्प्रिंग, म्हणजे बोलीतले पाटे, वाहनाचा भार पेलतात आणि अ‍ॅक्सललाही जागेवर धरून ठेवतात. कॉइल स्प्रिंग केवळ भार पेलते. त्यामुळे अशा वाहनांत अ‍ॅक्सलला पुढेमागे धरण्यासाठी लांबीच्या दिशेने बसवलेले दांडे लागतात आणि आडव्या दिशेसाठी बहुधा पॅनहार्ड रॉड. मारुती सुझुकी जिम्नीमध्ये तो पुढच्या व मागच्या अशा दोन्ही अ‍ॅक्सलवर असतो. प्रत्येक चाकाचे सस्पेन्शन स्वतंत्र असेल तर त्याची गरज उरत नाही.

== ओळख ==
गाडीखाली वाकून पाहणाऱ्यास हा भाग बहुधा अँटी-रोल बार वाटतो. आकारावरून निर्णय करू नये, कारण डिफरन्शियलला अडू नये म्हणून पॅनहार्ड रॉडही कित्येकदा वाकवलेला असतो. त्याची दोन टोके पाहावीत. एक टोक अ‍ॅक्सलच्या एका बाजूला आणि दुसरे विरुद्ध बाजूस चॅसिसला किंवा बॉडीला बुशसह जोडलेले असते. म्हणजे जोडणी एकतर्फी असते. अँटी-रोल बारची दोन्ही बाजूंची जोडणी सारखी असते; त्याचा मधला भाग दोन बुशांत फिरतो आणि तो पिळला जाऊन काम करतो. अ‍ॅक्सलपासून ब्रेकच्या नळ्या असलेल्या झडपेकडे जाणारी बारीक काडी किंवा स्प्रिंग मात्र निराळी: ती भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवते.

== झीज ==
बुश झिजल्यास खड्ड्यांतून जाताना मागून ठकठक ऐकू येते आणि वळणावर गाडीचा मागचा भाग उशिराने सरकल्यासारखा वाटतो. उभी गाडी बाजूने ढकलून हलवताना दुसऱ्याने बुशाकडे पाहिले तर ढिलेपणा सहसा दिसतो. हा दांडा अनावश्यक समजून काढून ठेवणे धोक्याचे आहे. त्याला जॅकही लावू नये.

== मर्यादा ==
दांड्याचे एक टोक बॉडीला स्थिर असल्याने अ‍ॅक्सल सरळ वरखाली न होता किंचित वर्तुळाकार मार्गाने जातो. आडवा असलेला ९०० मिमी लांबीचा दांडा घेतल्यास, अ‍ॅक्सल ५० मिमी वर गेला की तो बाजूला सुमारे १.४ मिमी सरकतो आणि १०० मिमी गेल्यास सुमारे ५.६ मिमी. म्हणूनच दांडा शक्य तितका लांब व आडवा ठेवतात. उंच स्प्रिंग बसवून गाडी उचलल्यावर मागची चाके एका बाजूला अधिक बाहेर दिसतात ती याच कारणाने. लांबी कमीजास्त करता येणारा दांडा हा त्यावरचा नेहमीचा उपाय.

जेम्स वॉटने १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनासाठी पेटंट घेतलेल्या जोडणीवर आधारलेली वॉट लिंकेज हा दोष जवळजवळ नाहीसा करते, परंतु तिला भाग अधिक लागतात व जागाही. महिंद्रा स्कॉर्पिओ-एनच्या मागील अ‍ॅक्सलवर ती वापरली आहे.