श्वास आणि नाडी

शस्त्रक्रियेच्या इतिहासात शस्त्र धरणाऱ्याचे नाव आपण घेतो; रोग्याच्या उशाशी बसून भूल देणाऱ्याला विसरतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पहिला धडा घ्यावा तो मात्र उशाशीच.

१८४७ साली एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म प्रचारात आणला. लगेच १८४८ च्या जानेवारीत, इंग्लंडात, हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना त्या भुलीत दगावली. आधी थांबते काय, श्वास की हृदय? या वादाचा निकाल लावण्यासाठी १८८८ व १८८९ साली हैदराबादेत निजामाच्या आश्रयाने दोन समित्या बसल्या. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. डॉ. लॉरी यांनी निर्वाळा दिला की, श्वास सांभाळला म्हणजे हृदयाची चिंता नको. पण १९११ साली लेव्हीने मांजरांवर दाखवून दिले की, हलक्या भुलीतही हृदय एकाएकी बंद पडू शकते.

लॉरींचे म्हणणे निम्मे खरे होते. चूक झाली ती एकाकडे पाहताना दुसऱ्याकडे पाठ फिरविण्यात. आज यंत्रे दोन्ही मोजतात. तरीही डोळा श्वासावर आणि बोट नाडीवर, ही सवय विद्यार्थ्याला हाती शस्त्र देण्यापूर्वीच लागावी, असे आम्हांस वाटते.