कॉफीची चव आणि यंत्रमापन : एका आलेखाचा इतिहास

पेय न चाखता केवळ उपकरणाच्या साहाय्याने त्याची चव सांगता येईल काय, हा प्रश्न वरकरणी रसायनशास्त्राचा वाटतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. कारण कॉफीच्या बाबतीत उपकरणाने दिलेल्या आकड्याला 'आदर्श' हे विशेषण कोठून लाभले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

जर्मन रसायनतज्ज्ञ रुंगे याने १८१९ च्या सुमारास कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले. त्या बिया त्यास महाकवी ग्योथेने दिल्या होत्या. कॅफीन म्हणजेच कॉफीचा कडवटपणा, हा समज आजही आढळतो. परंतु कॅफीन काढून टाकलेली कॉफीही कडूच लागते.

खरा निर्णायक प्रयत्न अमेरिकेत झाला. अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५७ मध्ये पेयात विरघळलेल्या घनद्रव्यांना कपातील गुणवत्तेचा निर्देशांक मानले. हायड्रोमीटरने द्रवाची घनता मोजावयाची, तीवरून घनद्रव्यांचे प्रमाण काढावयाचे आणि पुडीचा किती अंश पाण्यात उतरला ते ठरवावयाचे, अशी ही सुटसुटीत रीत होती. त्यांच्या आलेखाच्या मध्यभागी एक चौकट आहे : पेयात १.१५ ते १.३५ टक्के घनद्रव्ये व पुडीतून १८ ते २२ टक्के निष्कर्षण. चौकटीच्या उजवीकडे कॉफी कडू, वर जहाल, खाली पाणचट.

घनता हे पदार्थाचे माप आहे. 'आदर्श' चौकट मात्र तत्कालीन अमेरिकन ग्राहकांच्या पसंतीतून आली. कालांतराने पसंतीचा विसर पडला आणि आकडा तेवढा प्रमाण म्हणून उरला. हायड्रोमीटरची जागा रिफ्रॅक्टोमीटरने घेतली, तरी चौकट दीर्घकाळ तीच राहिली. चिकोरी मिसळलेल्या, दूध-साखर घातलेल्या आपल्याकडील फिल्टर कॉफीला या आलेखात स्थानच नाही. चिकोरीचा अर्क घनद्रव्ये वाढवितो. ती कॉफीची की चिकोरीची, हे घनता सांगू शकत नाही.

१९५२ मध्ये जेम्स व मार्टिन यांनी वायू-वर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केल्यानंतर भाजलेल्या कॉफीतील शेकडो बाष्पनशील संयुगांची नोंद होऊ लागली. त्यांपैकी गंधाला कारणीभूत असलेली थोडकी संयुगे वेर्नर ग्रोश यांच्यासारख्या संशोधकांनी निवडून काढली, तीही यंत्रातून बाहेर पडणारा वायू माणसाला हुंगावयास लावून!

२०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी ११८ ग्राहकांना निरनिराळ्या प्रमाणांत उतरविलेली काळी कॉफी चाखावयास दिली. तेव्हा ग्राहकांचे दोन गट पडले आणि त्यांची पसंती आलेखाच्या भिन्न भागांत विखुरलेली आढळली.